लाकडी फसव्या आमिषांचा इतिहास : योगायोगाच्या दंतकथा आणि घरगुती कारागिरी

प्रस्तावना

मासेमारीच्या इतिहासात जाळे आणि होडी यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या मानाने गळाकडे लक्ष कमी गेले आणि गळाला लावावयाच्या आमिषाकडे तर फारच थोड्या अभ्यासकांनी पाहिले. याचे एक कारण उघड आहे. आमिष ही नष्ट होणारी वस्तू आहे. कोळंबीचा तुकडा किंवा गांडूळ पाण्यात गेले की मागे पुरावा उरत नाही. मात्र आमिषाचा एक प्रकार असा आहे की तो टिकतो, हातात घेऊन पाहता येतो आणि पाहणाऱ्याला आपल्या कर्त्याविषयी काही सांगतो. लाकूड कोरून, त्याला वजन देऊन, रंगवून आणि गळ लावून केलेला खोटा मासा हा तो प्रकार होय. इंग्रजीत अशा साधनास ‘ल्युअर’ व त्यातील लाकडी प्रकारास बहुधा ‘प्लग’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘फसवे आमिष’ हा शब्द योजला आहे.

कोकणातील खाडीकाठच्या वाचकाला गरी परिचित असते. परंतु त्या गरीला लावलेले आमिष बहुधा खरे, खाण्याजोगे असते. फसव्या आमिषाला वास नाही, चव नाही. माशाने त्यावर झडप घालावी यासाठी कारागिराजवळ आकार, हालचाल आणि रंग एवढीच साधने असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिका व फिनलंड येथे, आणि त्याच्याही आधीपासून जपानमध्ये, ही कला प्रामुख्याने घरांत वाढली. चाकू, काचपेपर, थोडे शिसे, तार आणि रंग यांपलीकडे तिला काही लागत नव्हते.

या कलेचा जो इतिहास आज उपलब्ध आहे तो मुख्यत्वे तीन हातांनी लिहिलेला आहे : आमिषे विकणाऱ्या कंपन्या, जुनी आमिषे जमविणारे संग्राहक आणि आठवणी सांगणारे हौशी मासेमार. तिघांनाही एक गोष्ट अतिशय प्रिय आहे, ती म्हणजे योगायोग. त्यांच्या कथनांत शोध नेहमी अपघाताने लागतो. प्रत्यक्ष वस्तू मात्र निराळे सांगतात. फसवे आमिष हे निरीक्षण आणि दुरुस्ती यांच्या दीर्घ परिश्रमाचे फळ असून योगायोगाच्या कथेने हा परिश्रम झाकून टाकला आहे, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे.

योगायोगाच्या कथा

अमेरिकेतील सर्वांत जुनी कथा लाकडाची नसून धातूची आहे. व्हर्माँट राज्यातील बोमोसीन सरोवरात ज्यूलिओ ब्यूएल हा तरुण नावेत बसून जेवत असताना त्याचा चमचा पाण्यात पडला, चकाकत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर एका माशाने झडप घातली आणि त्यातून चमच्याच्या आकाराच्या आमिषाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ब्यूएल याने १८५२ मध्ये आपल्या आमिषाचे पेटंट घेतले, एवढे निश्चित आहे.

लाकडी आमिषाची कथा याच साच्यातील आहे. मिशिगन राज्यातील डोवाजिॲक या गावी जेम्स हेडन हे गृहस्थ १८९० च्या दशकात गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसले होते. वेळ जावा म्हणून ते लाकडाचा तुकडा तासत होते. उठताना त्यांनी तो तुकडा पाण्यात भिरकावला आणि एका बास माशाने त्यावर हल्ला चढविला. तिसरी कथा जपानच्या दक्षिण टोकाकडची आहे. माकूळ पकडण्यासाठी तेथे ‘एगी’ नावाचे लाकडी, कोळंबीसारखे दिसणारे आमिष वापरतात आणि त्याचा उगम एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडात, सात्सुमा प्रांत व आमामी बेटांच्या परिसरात झाला असे मानले जाते. रात्री मासेमारी करताना कोळ्याची पेटती मशाल समुद्रात पडली आणि अर्धवट जळालेल्या लाकडाला माकुळाने मिठी मारली, अशी आख्यायिका या एगीविषयी प्रचलित आहे.

व्हर्माँट, मिशिगन आणि आमामी यांच्यात परस्परसंपर्काचा प्रश्नच नव्हता. तरीही तिन्ही कथांची रचना एकच आहे. माणसाच्या हातून वस्तू निसटते, जलचर आपले रहस्य आपणहून उघड करतो आणि माणूस ते केवळ स्वीकारतो. लोककथेच्या अभ्यासकाला या साम्याचे नवल वाटणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्यापुढे एक प्रश्न विचारला पाहिजे : ज्याच्या हातून ती वस्तू निसटली, तो मनुष्य त्याआधी काय करीत होता?

हेडन यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध आहे. ते मधमाश्या पाळणारे होते आणि त्या क्षेत्रात त्यांचे नाव अमेरिकाभर माहीत होते. त्यांनी १८८५ मध्ये मधमाश्यांच्या पेटीच्या एका नव्या रचनेचे पेटंट घेतले होते. पिलांचा कप्पा दोन उथळ भागांत विभागलेली ही पेटी ‘हेडन पेटी’ म्हणून ओळखली जाई. मधमाश्यांच्या पेटीत फटींचे व अंतरांचे गणित फार काटेकोर असते. फट थोडी मोठी राहिली तर माश्या तेथे मेण बांधतात, लहान राहिली तर ती चिकट रोगणाने बुजवून टाकतात. म्हणजे तळ्याकाठी लाकूड तासत बसलेला हा मनुष्य प्राण्याच्या वर्तनाचे निरीक्षण करून त्याला अनुसरून लाकडाला आकार देण्याचे काम अनेक वर्षे करीत होता. तळ्यावरची घटना खरी घडली असो वा नसो, ती घडल्यावर तिचा अर्थ ओळखण्याची तयारी त्याच्याजवळ आधीच होती. शिवाय हेडन यांनी आरंभी लाकडी बेडूक कोरून मित्रांना वाटले, आणि ‘डोवाजिॲक’ आमिषाचे पेटंट १९०२ साली मिळाले. मधल्या वर्षांत किती तुकडे तासले आणि फेकून दिले गेले असतील याची नोंद कोणत्याही कथेत नाही.

रापाला कुटुंबाचे घर

योगायोगाच्या कथेला छेद देणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण फिनलंडचे आहे. लाउरी रापाला यांचा जन्म १९०५ साली सिस्मा परगण्यात झाला. त्यांच्या आईचे आडनाव सारिनेन. परंतु कुटुंब दुसऱ्या परगण्यात स्थलांतरित झाल्यावर तेथील धर्मगुरूला ते आठवेना, म्हणून त्याने नोंदवहीत मूळ गावाचेच नाव लिहून टाकले, असे सांगतात. ‘रापा’ या फिनिश शब्दाचा अर्थ चिखल. पुढे जगभर डब्यांवर छापले गेलेले नाव असे एका कारकुनी सोयीतून आलेले आहे.

लाउरी आणि त्यांची पत्नी एल्मा पाइयाने या विस्तीर्ण सरोवराकाठी रीहिलाहती येथे राहत. हिवाळ्यात लाकूडतोडीचे काम, सरोवर मोकळे असेल तेव्हा मासेमारी, असा त्यांचा निर्वाह चाले. हौशी मासेमाराचे आणि यांचे गणित निराळे होते. हौशी माणसाला मासा न मिळाल्यास दिवस वाया जातो. येथे चूल अडत होती. लाउरी लांब दोरांना शेकडो गळ लावून मासे पकडीत आणि त्या प्रत्येक गळाला जिवंत लहान मासा लावावा लागे. आधी आमिषाचे मासे पकडायचे, ते जिवंत ठेवायचे, एकेक गळाला लावायचे आणि मग खऱ्या कामाला आरंभ करायचा, असा हा क्रम होता. यात वेळ जाई, आणि वेळ हेच त्या घराचे भांडवल होते. पुन्हा पुन्हा वापरता येईल असे आमिष ही त्यांची आर्थिक गरज होती, ही गोष्ट कंपनीच्या जाहिरातींत सहसा अधोरेखित होत नाही.

लाउरी यांनी काय पाहिले, हे मात्र जाहिरातींतही सांगितले जाते आणि ते महत्त्वाचे आहे. होडी वल्हवीत असताना ते पाण्याखाली लहान माशांचे थवे आणि त्यांच्यावर टपलेले मोठे मासे पाहत. थव्यात शेकडो मासे असता मोठा मासा नेमका त्या एकावर झडप घाली, ज्याचे पोहणे इतरांहून किंचित वेगळे, लडखडते असे. जखमी, दुबळा, थव्याशी लय न जुळलेला मासा हा सोपा घास होता. तेव्हा हुबेहूब माशासारखे दिसणारे आमिष करणे हा प्रश्नच नव्हता. आजारी माशासारखे पोहणारे आमिष करणे हा खरा प्रश्न होता.

१९३६ साली त्यांना समाधान देणारे पहिले आमिष तयार झाले. साहित्य घरातले होते. अंग बुचाच्या लाकडाचे, कोरण्यासाठी चांभारी चाकू, घासण्यासाठी काचपेपर. चकाकीसाठी चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागद वापरला. रोगण मिळत नसल्यामुळे छायाचित्रांच्या जुन्या फिल्म वितळवून त्यांचा लेप वर चढविला. ही शेवटची गोष्ट ऐकताना अद्भुत वाटते, परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती पूर्णतः संभाव्य आहे. त्या काळातील फिल्मचा पाया सेल्युलोजच्या संयुगांचा असे. ती ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळते आणि वाळल्यावर पारदर्शक, पाणी न शिरणारा थर देते. जपानमध्ये हाताने आमिषे करणारे कारागीर बाल्सा लाकडावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवून ते सेल्युलोजच्या द्रावणात पुन्हा पुन्हा बुडवितात, तेव्हा ते तत्त्वतः हेच करीत असतात. दंतकथेतील तपशील साहित्याच्या कसोटीवर असा तपासून घेता येतो, आणि येथे तो टिकतो.

युद्धकाळात बूच मिळेनासा झाला तेव्हा पाइन वृक्षाची जाड साल वापरात आली. पुढे बाल्सा लाकूड आले. मुलेही या कामात दाखल झाली. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकच्या निमित्ताने परदेशी पाहुण्यांच्या सामानातून ही आमिषे फिनलंडबाहेर गेली. १७ ऑगस्ट १९६२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली मॅरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक प्रचंड खपला आणि आमिषांसाठी ३० लाख मागण्या आल्या, असे कंपनीचा इतिहास सांगतो. म्हणजे अखेर योगायोग आलाच. पण तो विक्रीत आला. १९३६ आणि १९६२ यांच्यामध्ये सव्वीस वर्षांचे तासकाम होते. लाउरी रापाला १९७४ साली निवर्तले.

लाकूड, वजन आणि डोल

हा परिश्रम नेमका कशात होता हे समजण्यासाठी घरगुती आमिषाची घडण थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. कला म्हणून त्याकडे पाहणाऱ्यांचे लक्ष रंगाकडे जाते, परंतु रंगाचा ब्रश हाती घेण्यापूर्वीच आमिषाचे यशापयश बहुतांशी ठरलेले असते.

प्रथम लाकडाची निवड. अमेरिकेत जुन्या कारागिरांनी सीडर पसंत केले, कारण ते सरळ धाग्याचे, चाकूला मऊ आणि ओलाव्यात न कुजणारे आहे. बाल्सा त्याहूनही फार हलके; त्याची घनता पाण्याच्या साधारण एकषष्ठांश भरते. लाकूड जितके हलके, तितकी तरंगण्याची ओढ अधिक आणि हालचाल चपळ. पण याच बाल्साला नखाने खड्डा पडतो आणि त्यात फिरवलेला स्क्रू मोठ्या माशाच्या एका हिसक्याने निघून येतो. म्हणून बाल्साच्या पोटाला लांबीभर खाच पाडून त्यातून अखंड तार नेतात. दोरी तारेच्या पुढच्या टोकाला आणि गळ तिच्या मधल्या व मागच्या वळशांना लावले की सारा ताण तारेवर येतो; लाकूड केवळ शरीर म्हणून उरते. याच खाचेत, पोटाच्या बाजूला, शिशाचा लहान गोळा बसवून वर सरस व लाकडाची पट्टी भरतात.

शिसे कोठे बसवावे हा या कलेतील सर्वांत अवघड प्रश्न होय. ते तळाशी असल्यामुळे आमिष उलटे होत नाही, सतत सरळ होऊ पाहते. पुढे, जबड्याखाली, पत्र्याचा ओठ बसविलेला असतो. दोरी ओढली जाताच पाणी या ओठावर आदळते आणि आमिषाचे नाक खाली दाबले जाते. त्याच वेळी ओठाच्या कडांवरून सुटणाऱ्या पाण्यात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे निर्माण होतात आणि ते आमिषाला आळीपाळीने दोन्ही बाजूंना ढकलतात. शिसे त्याला सावरते, भोवरे पुन्हा ढकलतात. या सततच्या ढकलण्या-सावरण्यातून जो डोल निर्माण होतो तेच लाउरी रापाला यांनी पाहिलेले आजारी माशाचे पोहणे. शिसे जास्त झाले तर डोल मरतो, कमी झाले तर आमिष कुशीवर पडून गरगरते. पुस्तकी सूत्र येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण लाकडाचे दोन तुकडे एकसारखे नसतात. एकाच फळीतून कापलेल्या दोन आमिषांतही धाग्याच्या दाटीनुसार वजन बदलते.

म्हणून प्रत्येक आमिष पाण्यात घालून पाहावे लागते. ते डावीकडे ओढत असेल तर नाकावरची दोरी बांधण्याची कडी किंचित उजवीकडे वाकवायची, पुन्हा ओढून पाहायचे, पुन्हा वाकवायची. आपल्या आमिषांची अशी टाकीतील चाचणी रापाला कंपनीने कारखान्यातही चालू ठेवली आणि तिची जाहिरात अभिमानाने केली. तो अभिमान योग्यच होता. सरोवराकाठच्या घरातील सवय कारखान्यात शिरल्याची ही विरळा घटना आहे.

विस्कॉन्सिन राज्यातील लॅक द्यू फ्लॅम्बो येथील ओजिब्वे लोकांचे कोरीव लाकडी मासे या संदर्भात उल्लेखनीय आहेत. त्यांना गळ नसतो. गोठलेल्या सरोवराच्या बर्फात भोक पाडून हा मासा दोरीने खाली सोडतात आणि तो पाहण्यास आलेल्या मोठ्या माशावर भाला चालवितात. दोरीला हिसका दिला की लाकडी मासा वर्तुळात पोहतो आणि हे वर्तुळ केवढे व कोणत्या दिशेचे, ते कोरलेल्या शेपटीच्या वाकावर अवलंबून असते. ओठ आणि पेटंट यांच्यावाचूनही पाण्याचा प्रवाह लाकडाकडून हवा तसा वागवून घेण्याचे ज्ञान येथे होते. फसव्या आमिषाचा इतिहास पेटंटांच्या तारखांवरून लिहिणाऱ्यांनी हा पुरावा विचारात घ्यावयास हवा होता.

रंग कोणासाठी?

कोरीव काम घासून झाले की लाकडाला प्रथम रोगण मुरवितात, अन्यथा पाणी शिरून ते फुगते आणि वरचा रंग तडकतो. नंतर पांढऱ्या अस्तराचे दोनतीन हात, मग पोटाकडून पाठीकडे क्रमाने गडद होत जाणारे रंग आणि शेवटी पुन्हा रोगण. खवले दाखविण्याची युक्ती साधी आहे. आमिषाभोवती बारीक जाळीचे कापड ताणून वरून रंगाचा फवारा मारला की जाळीची नक्षी अंगावर उमटते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अमेरिकन कंपन्यांनी ही खवल्यांची झिलई मोठ्या प्रमाणात वापरली. घरच्या कारागिरांना मच्छरदाणीचा किंवा पडद्याचा तुकडा पुरत असे. डोळे प्रारंभी काचेचे बसवीत, नंतर ते रंगाचे झाले.

रंगयोजनेत एक विसंगती दडलेली आहे. लाउरी रापाला यांच्या पहिल्या आमिषाची पाठ काळी, कुशी सोनेरी आणि पोट पांढरे होते. बहुतेक घरगुती आमिषे याच क्रमाने रंगविलेली असतात. पाठ गडद व पोट फिके ही माशाची नैसर्गिक रचना होय. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर यांनी १८९६ मध्ये अशा रचनेचे कारण मांडले : वरून येणारा प्रकाश पाठीला उजळतो व पोटाला सावलीत टाकतो, त्वचेचा रंग नेमका उलट असल्यामुळे दोन्ही परस्परांना छेद देतात आणि प्राणी सपाट होऊन पार्श्वभूमीत विरतो. म्हणजे ही योजना लपण्यासाठी आहे. फसव्या आमिषाला मात्र दिसायचे असते. लपण्याचा रंग त्याच्या अंगावर कशासाठी?

याचे उत्तर पुन्हा हालचालीत सापडते. आमिष डोलते तेव्हा क्षणभर त्याचे पांढरे पोट कुशीकडे वळते, चमकते आणि नाहीसे होते. सरळ पोहणारा निरोगी मासा हे पोट दाखवीत नाही. तोल गेलेला मासाच दाखवितो. रंग अशा रीतीने डोलाच्या अधीन आहे. आमिष पाण्यात स्थिर उभे राहिले तर तोच रंग निरुपयोगी ठरतो. सावंतवाडीच्या लाकडी फळांशी तुलना केल्यास हा भेद ध्यानात येईल. तेथील रंगविलेले सीताफळ किंवा केळे टोपलीत निश्चल असते म्हणूनच पाहणारा फसतो. हे लाकूड हलले तरच फसविते.

तरीही सर्व रंगकाम माशासाठी होते असे म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय झालेली एक योजना म्हणजे लाल डोके आणि पांढरे अंग. असा मासा तेथील कोणत्याही सरोवरात नाही. शिवाय पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. काही मीटर खोलीवर तो काळपट दिसतो. बास माशाच्या डोळ्यांत हिरव्या व तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात, आणि प्रयोगांत हे मासे लाल व हिरवा रंग चांगले ओळखतात, परंतु निळा व काळा यांत गल्लत करतात, असे संशोधनातून दिसून आले आहे. निळ्या छटांची जी बारीक कलाकुसर अनेक आमिषांच्या पाठीवर आढळते ती बास माशाला बहुधा काळीच दिसत असणार. मग ती कोणासाठी होती? दुकानाच्या काचेपलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी, हे उत्तर सोपे आणि बरेचसे खरे आहे. आमिष विकावयाचे ठरले की त्याला दोन जिवांना फसवावे लागते. परंतु न विकता, स्वतःपुरते आमिष करणारे कारागीरही पाठीवरचे ठिपके मोजून काढीत आणि गालावर तांबूस छटा देत. उपयोगाच्या पलीकडे जाऊन वस्तू नीटनेटकी करण्याची ही प्रवृत्ती कोणत्याही हस्तकलेत आढळते, आणि केवळ बाजाराच्या हिशेबाने तिचा उलगडा होत नाही.

नक्कल आणि मालकी

घरगुती कारागिरी आणि कारखाना यांतील संबंध टेनेसी राज्यातील ‘बिग ओ’ या आमिषाच्या उदाहरणात विशेष स्पष्ट होतो. १९६० च्या दशकात फ्रेड यंग या पूर्व टेनेसीतील रहिवाशाने दुखापतीनंतरच्या विश्रांतीच्या काळात बाल्सा लाकडाची, पोट सुटल्यासारखी गोल, आखूड आमिषे कोरण्यास आरंभ केला. ओडिस या आपल्या धिप्पाड भावावरून त्याने त्यांना ‘बिग ओ’ हे नाव दिले आणि प्रत्येकावर हाताने क्रमांक घातला. हाच काळ अमेरिकेत बास मासेमारीच्या बक्षिसी स्पर्धांच्या उदयाचा होता. रे स्कॉट यांनी १९६८ मध्ये बास मासेमारांची संघटना स्थापन केल्यावर या स्पर्धांना देशव्यापी स्वरूप आले. यंगच्या आमिषाने मासे मिळतात ही वार्ता पसरली, परंतु एक मनुष्य चाकूने कोरणार तरी किती? ही आमिषे दिवसाला ५ डॉलर भाड्याने दिली जात आणि हरवल्यास भरपाई घेतली जाई, असे सांगितले जाते. मासेमारीच्या साधनाला भाडे लागल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढे आर्कान्सा राज्यातील कॉटन कॉर्डेल यांनी या आमिषाची प्लॅस्टिकची आवृत्ती बाजारात आणली. पहिल्या वर्षातच १३ लाखांहून अधिक नग खपले, असा आकडा दिला जातो. त्यापाठोपाठ इतर उत्पादकांनी एकेका अक्षराची नावे देऊन तशाच आकाराची आमिषे काढली, त्यांना ‘अक्षर-आमिषे’ असेच म्हटले जाऊ लागले. साच्यातून निघालेले प्रत्येक प्लॅस्टिकचे आमिष दुसऱ्यासारखेच होते. स्वस्त, टिकाऊ आणि पाण्याला न जुमानणारे. सामान्य मासेमाराचा यात निःसंशय लाभ झाला, आणि हाताच्या कामाविषयीच्या हळवेपणाने हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र साचा ज्या एका आकारावरून तयार होतो, तो आकार कोणाच्या तरी फेकून दिलेल्या असंख्य तुकड्यांमधून आलेला असतो आणि साच्यात त्या तुकड्यांची गणना होत नाही. कंपनीजवळ पेटंट असते, वकील असतो. चाकू हाती धरणाऱ्याजवळ पोटावर शाईने लिहिलेला क्रमांक असतो.

संग्राहकांच्या बाजाराने या परिस्थितीला आणखी एक वळण दिले. अमेरिकेत जुन्या लाकडी आमिषांचा व्यापार आता मोठा आहे. मिशिगनमधील कॅडिलॅक येथील ऑस्कर पीटरसन याने बर्फातील मासेमारीसाठी कोरलेले लाकडी मासे हयातीत अगदी अल्प किमतीला विकले. आज ते लोककलेचे नमुने म्हणून जपले जातात. बाजारात आमिषाची प्रत ठरते ती रंगाच्या अवस्थेवरून. रंगाला तडा, गळाच्या घासण्याने अंगावर उमटलेली रेघ, माशाच्या दातांच्या खुणा यांमुळे किंमत उतरते. कधीही पाण्यात न गेलेले, मूळ खोक्यातील आमिष सर्वश्रेष्ठ मानले जाते. परिणामी संग्रहांत तेच नमुने अधिक टिकतात ज्यांनी कधी मासा पाहिला नाही.

जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी या गरीब शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंस वजनाचा बास मासा क्रीक चब कंपनीच्या लाकडी आमिषावर पकडला. पेरी व त्याचा सोबती यांच्याजवळ मिळून ते एकच आमिष होते. या वजनाची बरोबरी २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात झाली, तोपर्यंत सत्त्याहत्तर वर्षे विक्रम अबाधित होता. पेरीच्या घरच्यांनी तो मासा शिजवून खाल्ला. विक्रमाच्या नोंदीसाठी वजन पाहिले गेले, पण ते लाकूड कोणी जपून ठेवले नाही.

संग्रहालयांच्या सूचीत सध्या अशा वस्तूची लांबी, लाकूड, रंग आणि कंपनीचे नाव नोंदविले जाते. त्यात आणखी दोन रकाने सहज घालता येतील : शिसे कोठे बसविले आहे, आणि नाकावरची कडी कोणत्या बाजूला, किती वाकविलेली आहे. पहिल्यासाठी क्ष-किरणाचे छायाचित्र लागेल. दुसऱ्यासाठी डोळा आणि मोजपट्टी पुरेशी आहे.